चार वर, तीन खाली

आसावरीने भिंग फळीच्या काठाजवळ नेलं आणि खुणा पुन्हा मोजल्या. वरच्या अंगाला चार, खालच्या अंगाला तीन. मागच्या रविवारी त्या नव्हत्या. याची तिला खात्री होती, कारण मागच्या रविवारी निघताना तिने गिटारच्या, अजून मान न जोडलेल्या पोकळ पेटीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते.

तिने पिशवीतून व्हर्नियर काढला. वरच्या खुणा सात-आठ मिलिमीटर रुंद, खालच्या थोड्या अरुंद. खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. उंदराचे दात असते तर ओरखडे बारीक आणि जोडीने दिसले असते, खाली भुसाही सांडला असता. लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याचा जबडा सरळ असतो. या खुणा मात्र किंचित वळणावर होत्या. तिने वहीत आकडे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"तात्या, माझ्या पेटीला कुणी हात लावला होता का?"

कुंडलिकतात्या तिच्याकडे पाठ करून दाराच्या चौकटीवर रंधा मारत होते. रंध्यातून पातळ साल वळत वळत बाहेर येत राहिली.

"तात्या!"

ती उठून पुढे गेली. तिची सावली चौकटीवर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काय गं बाळ?"

तिने प्रश्न पुन्हा विचारला. तात्यांनी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"व्हय, व्हय. ऊन चांगलं पडतंय. सरस वाळला आसंल आता."

आणि ते परत चौकटीकडे वळले.

टाळाटाळ. आसावरीने तोही शब्द वहीत लिहिला.

गिटार बनवणं हा तिचा छंद होता. पोटापाण्यासाठी ती बारामतीत एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. रविवारी मात्र स्कूटर काढून भिगवणला तात्यांच्या वर्कशॉपमध्ये यायची, कारण फ्लॅटच्या बाल्कनीत करवत चालवून तिने शेजाऱ्यांशी एकदा भांडण ओढवून घेतलं होतं. ही तिची तिसरी गिटार. पहिलीची फळी तडकली, दुसरी पाचव्या पडद्याच्या पुढे बेसूर बोलायची. तिसरीचं लाकूड नरसिंहपूरच्या मामाच्या बांधावरच्या शिवणीच्या झाडाचं. लहानपणी सुट्टीत ती याच झाडाखाली झोपायची. वादळात ते पडलं. बरंचसं लाकूड महिपतीमामाने पाटांना आणि गोठ्याला वापरलं, राहिलेलं चुलीत घातलं. गिटारपुरत्या चार फळ्या तेवढ्या तिच्याकडे आल्या. त्या वाया गेल्या असत्या तर पाचवी नव्हती. आणि दिवाळीनंतर तिला पीएचडीसाठी बंगळूरला जायचं होतं. हातात तीन रविवार होते.

पडलेल्या झाडाच्या लाकडातून त्या चार फळ्या तात्यांनीच निवडल्या होत्या. लाकूड वाजवून पारखणारा माणूस पाहिजे, असं तिने तीन वखारींत विचारलं तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच नाव मिळालं. उजनीच्या पाण्यात होडी घालायच्या आधी आसपासचे लोक तात्यांना बोलवायचे. ते बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकत जायचे आणि आतून कुजलेल्या जागी खडूने फुली मारायचे. फुली म्हणजे खराब. त्यावर कुणी वाद घालत नसे.

म्हणूनच दोन आठवड्यांपूर्वी आपल्या गिटारच्या पाठीवर, मधल्या कमरेच्या जरा खाली, खडूची फुली दिसली तेव्हा आसावरीला धक्का बसला होता. तिने दिव्याखाली लाकूड तपासलं. रेषा सरळ होत्या, तडा नव्हता, कीड नव्हती. पाठीवर तिने पेन्सिलने तीन ठिपके काढले होते. दर रविवारी त्या ठिपक्यांवर टिचकी मारून ती आवाजाचा आलेख मोबाइलवर घ्यायची. तिन्ही आलेख पहिल्यासारखेच आले. तिने फुली पुसून टाकली. पुढच्या रविवारी फुली परत तिथेच होती, काठापासूनचं अंतर मोजलं तर दोन मिलिमीटरचाच फरक. ती तिने पुन्हा पुसली. आज तिसऱ्यांदा फुली होती आणि सोबत या सात खुणा.

गेल्या वर्षी याच फळीवर टकटक करून तात्या म्हणाले होते, "घे निवांत, घंटा हाय घंटा." मग खोटं तेव्हा बोलले होते की आता बोलत होते?

डोक्यावरचा बल्ब विझला, लागला, पुन्हा विझला आणि लागला. तात्यांनी रंधा खाली ठेवला, हात झटकले आणि घराच्या दाराकडे निघाले.

हेही तिने आधी टिपून ठेवलं होतं. वीज गेली असती तर पंखाही थांबला असता. पंखा फिरतच होता. वर्कशॉपच्या दिव्याचं बटण पलीकडे घरात होतं. म्हणजे तात्यांची बायको, छबूबाई, आतून खूण करायची आणि तात्या उठून जायचे. खूण कशाची? आसावरी आल्यापासून हे दर रविवारी व्हायचं.

"आसावरे, ये की तूबी," छबूबाईंनी दारातून हाक मारली. "चार घास खा. त्या लाकडाला काय पाय फुटल्यात का पळून जायाला?"

जेवायला भाकरी आणि चिलापीचं कालवण होतं. मासे घेऊन आलेला गोकुळही पानावर बसला होता. गोकुळची स्वतःची लाकडी होडी होती. पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो पाण्यात फिरवून आणायचा.

"तात्या, माज्या होडीचं काय?" गोकुळ म्हणाला. "उद्या पुन्याची पार्टी हाय. धा जनं, त्यात दोन बारकी पोरं. पक्षी न्हायती अजून, म्हनलं या तरीबी. पानी तर हाय!"

छबूबाई हसल्या, गोकुळ स्वतःच्या विनोदावर जोरात हसला. त्यांची तोंडं पाहून मग तात्याही हसले. त्यांच्या खालच्या ओळीत एका दाताची फट होती.

"त्ये इचारतंय होडी कवा वाजवताय," छबूबाई तात्यांच्या समोर बसून म्हणाल्या.

"आज चारला येतो," तात्या म्हणाले.

प्रश्न गोकुळने विचारला होता. तो छबूबाईंनी परत विचारला. आसावरीचा घास हातात राहिला. कालवणाची वाटी तिने सावकाश खाली ठेवली आणि मागचे सगळे रविवार मनात उलटे चालवून पाहिले. छबूबाई प्रत्येक वेळी तात्यांच्या समोरच का बसायच्या? आलेल्या माणसाचं बोलणं त्या कायम पुन्हा का बोलायच्या?

जेवणानंतर गोकुळ वर्कशॉपच्या दारात उभा राहून तात्यांशी होडीच्या डांबराबद्दल बोलत होता. तात्यांची पाठ तिच्याकडे होती. आसावरीने बाकावरचा लोखंडी शिकंजा उचलला, कमरेइतक्या उंचीवर धरला आणि फरशीवर सोडला.

"आयला!" गोकुळ जागच्या जागी उडाला. "ताई, जीव घ्याल का काय?"

तात्या मागे वळले, पण गोकुळचा चेहरा पाहून झाल्यावर.

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो. गोकुळ गेला, तात्या परत चौकटीवर वाकले, आणि तिने शिकंजा पुन्हा टाकला. पलीकडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. रंधा त्याच लयीत चालत राहिला.

छबूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या. आसावरी त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"काकू, तात्यांना ऐकू येत नाही का?"

"कोन म्हनतंय?"

"मी म्हणते."

छबूबाईंनी कढईवर मूठभर राख टाकली आणि जोर लावून घासायला लागल्या. 

"तू दिवाळी झाल्यावर जानार न्हाय का बंगळूरला?"

"हो."

"मग झालं तर. कशापायी चौकशा करतीस?"

आसावरी उठली. आता सगळं जुळत होतं. तिच्या फळ्या एका बहिऱ्या माणसाने वाजवून निवडल्या होत्या. पाठीवरच्या फुलीला काही अर्थ नव्हता. हात सवयीने चालत होता एवढंच. गिटारचं काय व्हायचं ते होवो. पण चार वाजता तोच हात होडीवर चालणार होता, आणि उद्या त्या होडीत दोन लहान मुलं बसणार होती.

तिने काय बोलायचं ते ठरवलं. गोकुळ, होडी दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. कारण विचारू नकोस. नाही, तो विचारणारच. मग सरळच सांगायचं. तात्यांचं नाव जाईल. जाऊ दे.

तिने बाकावरची लाकूड कोरायची वीतभर पटाशी उगाच सरळ करून ठेवली, पेटीवर फडकं टाकलं आणि वर्कशॉपमधून बाहेर पडली. तात्यांची सायकल आधीच निघून गेली होती.

पाण्याच्या काठाला ती पोहोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. गोकुळची होडी दोन ओंडक्यांवर उपडी घातलेली होती आणि तिच्या पोटाशी तात्या गुडघे टेकून बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. दातांत हातभर लांबीची सागाची काठी होती. तिचं दुसरं टोक होडीच्या फळीवर टेकवलेलं. उजव्या हाताच्या पेराने ते फळीवर ठोकत होते, थांबत होते, काठी चार बोटं पुढे सरकवत होते आणि पुन्हा ठोकत होते.

"बगा की ताई," गोकुळ दगडावर बसून तंबाखू मळत होता. "तात्याला आता लाकूड चावल्याबिगर कळंना. म्हातारपनी नवीनच खोड लागलीया."

होडीवर तीन फुल्या होत्या. आसावरी बघत असतानाच तात्यांनी चौथी मारली.

गोकुळ कुरकुरत उठला. त्याने पेचकस घेतला आणि चौथ्या फुलीवर टेकवून दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्याच्या हातातला तंबाखू खाली सांडला.

"परवाच्याला मी सगळी चाचपली व्हती," तो हळू आवाजात म्हणाला. "वरनं तर खडखडीत हाय की."

त्याने पेचकस काढून ओला भुगा बोटाने चोळला, मग खिशातून फोन काढला आणि पुण्याच्या पार्टीशी बोलत बोलत रस्त्याकडे चालत गेला. आसावरीने ठरवलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

तात्यांनी डोळे उघडले तेव्हा ती समोर होती. त्यांनी काठी तोंडातून काढली. काठीच्या टोकाला खुणा होत्या. तिला मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजल्या. चार वर, तीन खाली.

ती त्यांच्या समोर मांडी घालून बसली, म्हणजे तोंड नीट दिसेल.

"कधीपासून?"

तात्यांनी लांब उभ्या असलेल्या गोकुळकडे एकदा पाहिलं.

"दोन सालं झाली. ल्हानपनापून कानातनं पू व्हायाचा. डावा आधी गेला, मग उजवा."

"मग माझ्या फळ्या? गेल्या वर्षीच निवडल्यात ना तुम्ही."

तात्या काठीचं टोक अंगठ्याने पुसत राहिले.

"बोटाला हादरा कळतोय थोडा. निम्मं त्याच्यावर, निम्मं अंदाजानं." मग थांबून म्हणाले, "त्येच खात व्हतं मला सालभर. तू ती फळी अशी काचंवानी धरून न्यायचीस."

"आणि हे दातांचं?"

त्यांचा चेहरा जरा उजळला.

"खिळं दातात धरून काम करतो की आमी. येक दिस लांब खिळा व्हता. त्याचं टोक टेकलं चौकटीला, आन तितंच हातोडी बसली. डोक्यात असा घन वाजला म्हनतीस! दोन सालात पयल्यांदा. छबूला बोलवून तिला म्हनलं, वाजव, आजून वाजव. ती म्हनली ह्याला झपाटलं." ते हसले. "मग होडीवर करून बगितलं. काय कळंना. होडी पडली घुमी. तुजी पेटी बोलकी, जरा बोट लावलं की सांगती. रोज सांजच्याला तिच्यावरच शिकलो. आधी काठीनं, ह्या हप्त्यात दातच टेकवलं."

"मला विचारायचं होतंत."

"इचारलं असतं तर तू म्हनली असतीस, का?"

 ती वेगळंच बोलली.

"खुणा पडल्यात तिच्यावर."

"काठावं पडल्यात." तात्यांनी मान हलवली. "त्यो बाहीरचा काठ तू तासून टाकनारच हाईस न्हवं? आत कुटं दात लागू दिला न्हाय."

 पाठीची फळी आसावरी नेहमी बाजूंच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवायची. पेटी जोडून झाली की तेवढी पट्टी रंध्याने काढायची असते. तिने खुणांची रुंदी मोजली होती, खोली मोजली होती. त्या कुठे आहेत याचा विचार केला नव्हता.

"आन ती फुली," तात्या म्हणाले. "दोनदा पुसलीस. म्हनलं पोरगी शिकलेली, तिला ठाव आसंल. तरी मारली परत."

"तात्या, दातातून ऐकू येतंय म्हणजे आतला कान चांगला आहे. कानाच्या पडद्याचं दुखणं असेल. बारामतीत कानाचे डॉक्टर आहेत. मी नेते तुम्हाला."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, सावकाश.

"मशीन देतील," तात्या म्हणाले. "कानात मशीन घातलेल्याला होडी वाजवाय कोन बोलवंल?"

"ऑपरेशनने बरं होतं कधीकधी."

तात्यांनी पाण्याकडे पाहिलं. गोकुळ फोन संपवून परत येत होता.

"बगू," ते म्हणाले, आणि काठी पुन्हा दातांत धरली.

आसावरी एकटीच वर्कशॉपमध्ये परतली. पेटीवरचं फडकं काढलं आणि ती पालथी न घालता गोल भोकातून आरसा आणि छोटी बॅटरी आत सोडली. पाठीला आतून चार आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. फुलीच्या जागेच्या बरोबर मागे दुसऱ्या पट्टीचं डावं टोक होतं. दिसायला ते घट्ट होतं. तिने वहीच्या पानाची बारीक चिंधी फाडली, हात आत घातला आणि चिंधीचं टोक पट्टीच्या खाली सारलं.

चिंधी आत गेली. दोन बोटं लांब गेली आणि मग अडली.

फळीत दोष नव्हता. सुटला होता तो सरस, आणि तो तिने स्वतः लावला होता, ऑगस्टमधल्या एका दमट रविवारी, बारामतीला परतायच्या घाईत. तिचा पेन्सिलचा सगळ्यात जवळचा ठिपका तिथून नऊ सेंटिमीटर लांब होता. दर आठवड्याला तिने त्याच तीन ठिपक्यांना विचारलं होतं आणि त्यांनी दर आठवड्याला तेच उत्तर दिलं होतं.

तिने वही उघडली. "टाळाटाळ" या शब्दावर पेन टेकवलं, पण खोडला नाही. वही मिटून बाजूला ठेवली.

प्रयोगशाळेची पिशवी खुंटीला होती. तिच्यातून तिने कापूस काढला, दोन घट्ट बोळे केले आणि कानांत घातले. रस्त्यावरचे ट्रक लांब गेले. पंखा दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. तिने पेटी बाकावर उभी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून त्या सात खुणांच्या शेजारी, बाहेरच्या काठावर, दात टेकवले. लाकूड किंचित खारट लागलं.

तिने पाठीवर पेराने ठोकलं. आवाज कानाने आला नाही. तो कवटीतच उठला, भरीव आणि जवळ. ती बोट सरकवत फुलीपर्यंत आली. तिथे तोच आवाज अर्ध्यात तुटला, जसं कुणी बोलता बोलता तोंडावर हात ठेवावा. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. पुन्हा तुटला. मग ती पुढच्या, तिसऱ्या पट्टीकडे सरकली, तिथून तिच्या टोकाला. तिथेही आवाज किंचित तुटतोय असं वाटून ती थांबली. पुन्हा ठोकलं. तिने डोळे मिटले आणि अजून एकदा ठोकलं.

डोळे न उघडता तिने बाकावर खडू चाचपला.

मिटलेल्या पापण्यांवर अंधार झाला आणि गेला. पुन्हा झाला आणि गेला. तिने डोळे उघडले. डोक्यावरचा बल्ब पुन्हा लागला होता. पलीकडे दारात छबूबाई एका हातात चहाचे दोन कप घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांचा दुसरा हात अजून बटणावरच होता.

आसावरीने काठावरचे दात उचलले नाहीत. मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि दुसऱ्या हाताने फळीवर फुली मारली.